टीव्हीवरची दादाची पाठ

टीव्हीवर टेनिस लागलं की मी आजही उठून आत जाते. घरातले हसतात, हसू देत. मला खेळाचा राग नाही. खेळ दाखवणाऱ्यांचा वीट आलाय, आणि तो आयुष्यात पाहिलेल्या पहिल्याच सामन्यात आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ पलटणीत होता. अधिकाऱ्यांच्या क्लबातल्या टेनिसच्या मैदानावर रोलर फिरवायचं आणि चुन्याच्या रेघा मारायचं काम त्याच्याकडे आलं. ते करता करता गड्यानं रॅकेट हातात धरली आणि थेट सैन्याच्या संघात जाऊन पोचला. गावाला याचं काहीच वाटत नव्हतं. पलटणीत जाऊन चेंडू कसला खेळतो, म्हणायचे.

त्या वर्षी आसामात त्याला जबर कावीळ झाली. आम्हाला कळलं ते तो इस्पितळातून बाहेर आल्यावर. रजा मिळेना. पत्रात 'मी ठणठणीत आहे' असायचं आणि आईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. अशात पेपरात आलं की मुंबईतल्या मोठ्या स्पर्धेत तो शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलाय आणि रविवारी दुपारी तो सामना टीव्हीवर दाखवणार आहेत.

"मला ख्येळबीळ काय कळत न्हाई," आई म्हणाली. "मला त्येचं त्वांड बगायचंय. गाल बसल्यात का तेवढं बगते."

वडील कांदा काढण्यात अडकले होते. आई, मी आणि धाकटे चुलते एस.टी.नं लोणंदला गेलो. आमचा कांदा ज्या शेठजींच्या अडतीवर जायचा, त्यांच्या माडीवर टीव्ही होता. बाजारातली निम्मी माणसं तिथं आधीच बसलेली. शेठजींनी आईला पुढं बसवलं.

दादाच्या समोर होता मुंबईचा लाडका. गोरागोमटा, बड्या घरातला. सामना सुरू झाला आणि दादाची आमच्याकडे पाठ. ठीक आहे, बाजू बदलतील. बदलल्या, तर दादा पलीकडे बोटाएवढा, त्यात पडद्यावर मुंग्या. "आता जवळून दाखवतील बघ," मी आईला म्हटलं. जवळून दाखवला तो लाडकाच. लाडका पाणी पितोय. लाडका घाम पुसतोय. लाडका बुटाची नाडी बांधतोय! दादाही शेजारच्या खुर्चीत बसलेला असणार, पण कॅमेऱ्याची मान काही तिकडे वळेना. दादानं चेंडू जिंकला की दाखवायचं काय, तर लाडक्याचं उतरलेलं तोंड. दादाचं नाव सुरुवातीला एकदा घेतलं, पुढं नुसताच 'सेनादलाचा खेळाडू'. मला शिसारी आली.

मध्येच प्रेक्षकांतली एक बाई दिसली. चष्मा, गळ्यात मोती.

"ही कोन गं?" आईनं विचारलं.

"त्याची आई."

"तिला कशापायी दावत्यात? ती खेळतीया व्हय?"

माडीवर सगळे खो-खो हसले. आई नाही हसली.

हळूहळू माडी लाडक्याच्या बाजूला सरकली. ज्याचं तोंड दिसतं त्याच्यावर माया बसते. एका फटक्यावर तर आमचे चुलतेच टाळ्या पिटायला लागले.

"आवं, तुमचा पुतण्या पल्याडल्या बाजूला हाय!" मी ओरडलेच.

"व्हय गं. पर ह्योच दिसतोय की सारखा. लय भारी मारतोय गडी!"

रक्ताचा माणूस आणि तासाभरात फिरला! कुस्ती असती तर टीव्हीवाल्यांची ही मखलाशी चालली नसती. एकाला दाखवायचं तर त्याला धरलेला दुसराही दाखवावाच लागतो. इथं मध्ये जाळी होती आणि तिच्या एकाच बाजूला सगळ्यांचे डोळे.

आणि दादा जिंकला. माडीवर एवढी शांतता पसरली की मला आधी कळलंच नाही. पडद्यावर लाडका मान खाली घालून उभा. टीव्हीत बोलणारा त्याच्या जिद्दीचं कौतुक करतोय, 'आजचा दिवस त्याचा नव्हता' म्हणतोय. मग दिवस कोणाचा होता, ते सांग की रे मेल्या! लाडका जाळीपाशी गेला. जवळून, पडदाभर, तोच. तेवढ्यात बाजूनं एक हात आला आणि त्याच्या खांद्यावर टेकला. कोपरापर्यंतच दिसला. आई पुढं सरकून पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

हात गेला. पुन्हा ती मोतीवाली बाई, डोळे पुसताना.

आता सगळ्यांना दादाचा पुळका आला. चुलत्यांनी मिशीवर हात फिरवला, शेठजींनी पेढे आणायला माणूस पिटाळला. "आई, दादा जिंकला," मी तिला हलवून सांगितलं. ती पदर सावरत उठली.

"मनगट बगितलंस न्हवं?" ती म्हणाली. "त्येला आजून अन्न जात न्हाई."