मेडशीच्या घरातून निघताना

मले माणसं समजत नाहीत. हे मी रडून सांगत नाही, आहे तसं सांगून राह्यलो. समोरचा हासून बोलला तर ते खरं का चेष्टा, मले कळत नाही. कोणाच्या डोळ्यात पाह्यलं का नजर आपोआप खाली जाते. लहानपणी अकोल्याच्या डॉक्टरनं माह्या या दुखण्याले एक लंबं इंग्रजी नाव दिलं होतं. ते घरच्याईनं आमच्या आसेगावात कोणालेच सांगतलं नाही. गावानं आपलं सोपं नाव ठेवलं, घुम्या. कोणाच्या घरी गेलो का कोपऱ्यात बसायचो, अन् मनात आलं का मुकाट उठून चालू लागायचो. राम राम नाही, येतो नाही, काही नाही. माय मागून लोकाईले सांगे, "मनावर घेऊ नका व बाई, त्याचं तसंच आहे."

चाळिशी आली तरी तसंच होतं. वाशीमले कपड्याच्या एका दुकानात माळ्यावर काम करत होतो. खालून आवाज आला का पाहिजे ते कापडाचं थान काढायचं अन् खाली द्यायचं, बस. माणसाशी गाठच नाही. माह्यासाठी तो स्वर्ग होता. मंग शेठनं दुकान नवं केलं अन् माळाच काढून टाकला. आमचे शेठ मुसलमान, वडिलांपासूनचं दुकान, बोलायले मऊ. म्हणाले, "अब नीचे गादी पे बैठना पडेगा, भाई. ग्राहकाशी बोलावं लागंन."

पह्यल्याच हप्त्यात घोटाळा झाला. लग्नाचा बस्ता बांधायले एक मोठं कुटुंब आलं होतं. नवरीच्या आत्यानं पोपटी साडी खांद्यावर टाकली अन् नेमकं मलेच विचारलं, "कशी दिसते?"

म्या म्हटलं, "याच्यात तुमी अजून काळ्या दिसता."

विचारलं म्हणून सांगतलं! अख्खं कुटुंब उठलं, चपला घातल्या अन् समोरच्या दुकानात जाऊन बसलं. आजही सांगतो, ते पोपटी त्या बाईले शोभत नव्हतं. पण शेठनं मले बाजूले घेतलं. "दिवाळीपर्यंत पाहतो. बोलायले नाही जमलं, तर दुसरीकडे पाह्य बाबा." दुसरीकडे म्हणजे कुठं? माय राह्यली नव्हती. आसेगावले भावाच्या घरी जायचं, वहिनीनं वाढलेलं मान खाली घालून खायचं, अन् मरेपर्यंत घुम्या होऊन ओट्यावर बसायचं. त्या दिवशी मले जेवण गेलं नाही.

दुकानात एक म्हातारे सेल्समन होते. सगळे त्याईले काका म्हणत. रोज मेडशीहून एसटीनं येत, संध्याकाळी एसटीनंच वापस जात. ते माह्याजवळ येऊन बसले.

"काय गा, खरं बोलाचा लय शौक आहे का तुले?"

"शौक नाही, सवय आहे."

काका इतके हासले का त्याईले चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "चाल, चहा पाजतो. अन् सवयही मोडतो."

तेव्हापासून दुपारच्या चहाले माही शाळा सुरू झाली. डोळ्यात पाहवत नाही? मंग दोन भुवयांच्या मधात पाह्य, बाया टिकली लावतात तिथं. समोरच्याले वाटते डोळ्यातच पाहून राह्यला. साडी कशी दिसते म्हटलं तर दुसरी उघडायची अन् म्हणायचं, ही पाहा, ही तुमच्यासाठीच आली. म्या म्हटलं, "हे खोटं आहे." काका म्हणाले, "खोटं नाही रे बापा, माया आहे." मले फरक कळला नाही, पण पाठ केलं.

मंग गावाचा धडा. आमच्याकडे ग्राहक गादीवर टेकला का पह्यले पाणी, मंग 'गाव कोणतं?', मंग 'तिथं कोणाकडले?' एवढं विचारलं का कुठून तरी सोयरीक निघतेच, अन् सोयरीक निघाली का माणूस रिकाम्या हातानं उठत नाही. हे मले जमलं. यात कोणाचा चेहरा वाचायचं काम नव्हतं.

अडलो ते निघतानाच्या धड्यावर. काका म्हणाले, "निघताना जातो म्हणायचं नाही. मुकाट तर उठायचंच नाही. हासून म्हणायचं, येतो."

"जाऊन राह्यलो तर येतो काहून म्हणू?" मी भांडलोच.

"अरे, मागं राह्यलेल्याले वाटलं पाह्यजे, का हा परत येईन. तेवढ्यासाठीच म्हणतात."

त्याची तालीम बस स्टँडवर चाले. दुकान बंद झालं का मी त्याईले सोडायले जायचो. काका मेडशीच्या गाडीत खिडकीपाशी बसत अन् म्हणत, "येतो बरं का." मी खालून त्याईच्या भुवयांच्या मधात पाहून म्हणायचो, "या काका." "हास." मी हासायचो. "दात नको दाखवू घोड्यावानी!" सारी गाडी आमच्याकडे पाहे. एखाद्या दिवशी काका खाली उभे राहत अन् मले म्हणत, आता तू जाऊन राह्यला असं समज. मंग मी येतो म्हणायचो, ते ये म्हणत, अन् मी त्या कडंच्या पानटपरीपर्यंत जाऊन वापस यायचो. वेडेच होतो आमी दोघं.

दिवाळीच्या गर्दीत एक म्हातारी बाई निघता निघता शेठले म्हणाली, "तुमचा हा माणूस लय मायाळू आहे व." साड्यांच्या थप्पीआडून काकाईनं मले डोळा मिचकावला. तेव्हा मी भुवयांच्या मधात नाही पाह्यलं. सरळ त्याईच्या डोळ्यात पाह्यलं अन् नजर खाली गेली नाही. शेठनं दिवाळीनंतर दुसरीकडंचा विषय काढला नाही.

थंडीत एका सकाळी काका आले नाहीत. शेठच्या फोनवर निरोप आला. झोपले ते उठलेच नाहीत. मले आधी राग आला, खरं सांगतो. काल संध्याकाळी येतो म्हणून गेले होते ना! मी ग्राहकाच्या पुढ्यात मोठ्यानं रडलो. कसं दिसते, कसं नाही, याचा विचारच आला नाही.

दोन-चार दिवसांनी आमी दुकानातले सगळे शेठच्या गाडीत मेडशीले भेटायले गेलो. सतरंजीवर माणसं, आतल्या दारापाशी बाया, भिंतीले टेकून काकू. काय बोलावं, कुठं पाहावं, मले कळेना. मरणाच्या घरचा धडा आमचा राहूनच गेला होता. तो शिकवणारा एकच होता, अन् आमी त्याच्याच मरणाले आलो होतो.

थोड्या वेळानं शेठ उठले, त्याईच्या मागं सगळे उठले. कोणी काही म्हटलं नाही. नुसते चपला घालायले लागले. माहा भडका उडाला. ही काय रीत झाली? इतर कोणाचं घर असतं तर असतं. काकाईच्या घरून मुकाट निघायचं? त्याईच्या?

मी परत फिरलो. काकूसमोर जाऊन उभा झालो. भुवयांच्या मधात पाह्यलं. तिथं टिकली नव्हती. नुसती फिक्कट गोल जागा होती. मी हासलो, दात न दाखवता. अन् म्हटलं, "येतो, काकू."

"अवं माय!" बायाईतून कोणी तरी ओरडलं. काकाईच्या पोरानं माहा दंड धरला. "येतो? पुन्हा असंच यायचं आहे का तुले आमच्या घरी? अन् हासून काय राह्यला?" मी हासतच होतो. हासणं कधी थांबवायचं, हे मले कोणी सांगतलं नव्हतं.

तेवढ्यात काकूनं मान वर केली. "ये," म्हणाल्या. एवढंच. मंग पदर तोंडात कोंबून अशा रडल्या का साऱ्या बाया त्याईच्याकडे धावल्या. पोरानं मले अंगणात ढकललं. "पुन्हा इथं पाय ठेवू नको."

गाडी वाशीमच्या रस्त्याले लागली. मंग दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या माणसानं सांगतलं, "मरणाच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत रे. पुन्हा अशाच कामासाठी येतो, असा त्याचा अर्थ होते."

"मंग काय म्हणायचं?"

"काहीच नाही. मुकाट उठायचं अन् चालू लागायचं."

अरे बापा! ते तर मले जन्मापासून येत होतं. साऱ्या जगात एकच घर असं होतं, जिथं घुम्या बरोबर ठरला असता. अन् नेमकं तिथं मी काकाईनं घडवलेला माणूस होऊन गेलो.

शेठनं मले काढलं नाही. "तेरी नियत साफ थी," म्हणाले. मी गादीवरच बसतो. पाणी देतो, गाव विचारतो. कोणी मेडशी म्हटलं तर 'तिथं कोणाकडले' हे तोंडातून निघत नाही. मंग दुसरा कोणी येऊन ते ग्राहक सांभाळते.

पोरगा म्हणाला, पाय ठेवू नको. काकू म्हणाल्या, ये. जन्मभर काकाईचं येतो ऐकलं म्हणून सवयीनं तोंडातून निघालं, का त्याईनं मले खरंच बोलावलं? हासून बोललेलं मले कळत नाही, मंग रडून बोललेलं कसं कळंन? असं काही अडलं का विचारायले माह्याजवळ एकच माणूस होता.

संध्याकाळी मी स्टँडवर जातो. मेडशीची गाडी लागते. कंडक्टर आता ओळखते, म्हणते, "चालता का?" मी नाही म्हणून मान हालवतो. गाडी सुटते, काकाईची ती खिडकी माह्यासमोरून जाते, अन् मी मुकाट चालू लागतो.