डाळिंबीचे अकरा प्रिंट

आमच्या प्रिंटरमधली शाई कंपनीची नाही, बाटलीतून भरलेली आहे. लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानदाराने चार बाटल्या हातात ठेवताना छातीठोकपणे सांगितलं होतं, "रंग सेम येतो, मॅडम." त्या शाईत टोमॅटो विटेसारखा येतो आणि माझा चांगला उजळ नवरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. हे रोज बघत असूनही लेकीच्या लग्नातला एक रंग मी त्याच शाईच्या भरवशावर सोडला, याची मला अजून चीड येते.

आमच्या घरातल्या मुली माझ्या आईची डाळिंबी रेशमी साडी नेसून गौरीहर पुजायला बसतात. माझी थोरली बहीण, अक्का, तशी बसली, मी बसले, आता लेकीची पाळी होती. साडी तासाभरावर नंजनगूडला, अक्काकडे. आई गेल्यावर मीच फणकाऱ्याने "ठेव तुलाच" म्हणाले होते आणि तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. आता मागायला जायचं म्हणजे नाक मुठीत धरून जायचं. शेवटी लेकीनेच फोन केला. लग्नाच्या दिवशी साडी घेऊन येते, असं अक्काने सांगितलं आणि साडीचा फोटो पाठवला. जुना ब्लाउज केव्हाच विरला होता. त्या फोटोवरून नवा शिवून घ्यायचा होता.

"फोन दाखव की दुकानात," लेक म्हणाली. पण फोनचा उजेड कमी-जास्त केला की रंग बदलतो, कागदावरचा मात्र पक्का, हे माझं शहाणपण. म्हणून प्रिंट काढायला बसले. पहिला जांभळा आला. लाल वाढवला, तर गंज चढल्यासारखा आला. नोझल साफ केलं, कागद बदलला, पिवळा कमी केला, तर काठाची सोनेरी जर रुपेरी पडली. नवऱ्याने "अजून किती कागद खाणार?" असं विचारलं, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले. अकरावा प्रिंट ट्यूबलाइटखाली मला आठवणाऱ्या साडीसारखा दिसला. मी जिंकल्याच्या थाटात तो पर्समध्ये घातला.

देवराज मोहल्ल्यात ब्लाउजच्या मॅचिंग कापडाचं एक दुकान आहे. तिथले म्हातारे मालक कापड दाखवण्याआधी उठून दारात जातात आणि उन्हात रंग बघतात. माझा प्रिंट त्यांनी उन्हात धरला आणि डाळिंबीची वीट झाली. आत आणला, पुन्हा डाळिंबी. त्यांनी दोनदा आत-बाहेर केलं.

"अम्मा, आतला रंग देऊ की बाहेरचा?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "साडीच आणा ना. नाहीतर चुकेल."

साडी कुठे आहे, ते मी त्यांना काय सांगणार? रंग उन्हातलाच खरा, एवढं मला कळत होतं. म्हणून मी ठसक्यात म्हणाले, "बाहेरचा द्या."

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या खोलीत अक्काने साडी उलगडली. अस्सल डाळिंबी, आईच्या अंगावर होती तशीच. शेजारी माझा ब्लाउज, पक्का विटकरी. लेक नुसती ब्लाउजकडे बघत राहिली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

"हा कुठला रंग ग?" अक्काने विचारलं. मी तावातावाने शाई, ट्यूबलाइट, ऊन, अकरा प्रिंट, सगळं सांगत सुटले.

"सुम्ने, उगाच कशाला एवढं केलंस?" अक्का म्हणाली. "फोटो पाठवला त्या दिवशीच मी साडी ट्रंकेतनं काढून वर ठेवली होती. तू येशील की न्यायला म्हणून. त्या रविवारी कुठं बाहेर पण गेले नाही मी."

मुहूर्त जवळ आला होता. लेकीने तोच ब्लाउज घातला. अक्का तिला साडी नेसवायला लागली आणि मी निऱ्या धरायला खाली बसले, कारण मला वर बघायचं नव्हतं.