तंगूस कुजले नव्हते

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, हातून सुटलेल्या माशाविषयी आमच्या गावात आजही बोलले जाते, आणि जे बोलले जाते ते मला मान्य नाही. कोणी म्हणते, तंगूस कुजले होते. कोणी म्हणते, एका हाताच्या माणसाने एवढ्या मोठ्या माशाच्या नादी लागायलाच नको होते. गेल्या महिन्यात अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत माझ्यादेखत हेच पुन्हा झाले. सांगणारा त्या दिवशी नदीवर नव्हता. त्याच्या बापाचे लग्नसुद्धा तेव्हा व्हायचे होते. "धाकट्यानं जुनंच तंगूस लावून दिलं थोरल्याला," असे तो शेजारच्याला म्हणाला आणि वाढप्याला त्याने आमटी आणायला सांगितली. मी पानावरून उठलो नाही. या वयात माणूस पानावरून उठत नाही. घरी येऊन लिहायला बसतो.

तर आधी तंगुसाविषयी. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा. तो कुजत नाही. कुजतो तो सुती किंवा रेशमी दोरा, आणि आमच्या आधीची माणसे तोच वापरत असल्यामुळे गावाच्या तोंडात तो शब्द बसला आहे. तंगुसाचा शत्रू पाणी नव्हे, ऊन. महिनाभर पत्र्यावर पडलेले तंगूस दिसायला तसेच दिसते, पण हिसका बसला की कच्च्या दोऱ्यासारखे तुटते. म्हणून माझे तंगूस बिस्किटांच्या डब्यात, झाकण लावून, कपाटात असे. दर मोसमाला पुढचा वापरलेला भाग मी कापून टाकत असे. बाकीचे दोन बोटांच्या नखांतून ओढून पाही. कुठे खरखर लागली, तर तिथपासून पुढचे बाद. गाठ मारताना ती थुंकीने ओली करून हळूहळू आवळायची. कोरडी गाठ आवळली की तंगूस घर्षणाने तापते आणि तिथेच अशक्त होते. हे सारे मी अण्णांसाठी केले होते, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे दोनदा केले होते. मी तेव्हा कोयनानगरच्या वसाहतीत राहत असे आणि वीजघरातली मोजमापाची यंत्रे दुरुस्त करत असे. कुजलेला धागा ओळखण्यासाठी मला गावाची गरज नव्हती.

काठी अण्णांचीच होती. फौजेत त्यांच्यावरच्या एका अधिकाऱ्याने निवृत्त होताना ती त्यांना दिली होती. बांबूच्या बारीक चिरफळ्या एकमेकींना चिकटवून केलेली, तीन तुकड्यांची, जोडांना पितळी टोप्या असलेली. अशी काठी भिंतीला टेकवून ठेवायची नसते. ती कायमची वाकते. ती खुंटीला सरळ टांगायची. टोप्यांना मेणबत्ती चोळायची, म्हणजे जोड अडकत नाहीत. कड्यांतून कापसाचा बोळा फिरवायचा. कापूस अडकला तर कडीला चर पडला आहे आणि ती तंगूस कापणार, असे समजायचे. अण्णा सरहद्दीवर असतानाही मी रजेवर आलो की हे सगळे करत असे. चकरी, म्हणजे दोरा गुंडाळायचे रीळ, पितळी आणि जड होती. तिच्या पोटात एक दातेरी चाक आणि त्या चाकाला अडवणारी छोटी पोलादी जीभ. मासा पळाला की जीभ दात्यांवरून करकरत जाते आणि चकरी दोरा सोडते, पण फुकट सोडत नाही. त्या जिभेला मी शिवणयंत्राचे तेल देई. खोबरेल थंडीत गोठते आणि शेंगतेल चिकट होते.

अण्णा लढाईहून परत आले ते दवाखान्यात बरेच महिने काढून, दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात. डावा हात कोपराखाली नव्हता. रोज सकाळी वहिनी त्यांच्या सदऱ्याची डावी बाही दुमडून टाचणीने लावत, आणि अण्णा ओट्यावर येऊन बसत. ते बोलत नसत. रडतही नसत. वैरण आली, बघत. बैल सुटला, बघत. माणसे भेटायला आली की ती बोलून थकेपर्यंत अण्णा त्यांच्याकडे बघत, आणि ती उठून गेली की त्यांच्या रिकाम्या जागेकडे तसेच बघत. घरात आम्हा सर्वांच्याच आत काहीतरी बधिर झाले होते. कोणी मोठ्याने हसत नव्हते, कोणी मोठ्याने भांडतही नव्हते.

पावसाळा संपत आला तेव्हा मी रजेवर घरी आलो. एका दुपारी अण्णा खुंटीकडे बघून म्हणाले, "ती काठी अजून नीट हाय का रं?"

"हाय की. आजच पुसली."

"एक मासा काढायचा हाय. मी एकट्यानं. कुणी हात लावायचा न्हाई."

घरी आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. एका हाताने शेत होणार नव्हते, हे त्यांना आणि आम्हाला कळून चुकले होते. आता निदान हे होते का, एवढेच त्यांना बघायचे होते.

ज्यांना काठी-चकरीची निवड कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका हाताच्या माणसासाठी साधने वेगळी बसवावी लागतात. गावच्या चांभाराकडून मी पट्ट्याला लावायची चामड्याची वाटी शिवून घेतली. काठीचे बूड त्या वाटीत, काठी डाव्या कोपराच्या बेचक्यात, आणि उजवा हात चकरीच्या मुठीवर. दोन हातांचा माणूस पळत्या माशाला बोटाने दोरा सोडतो, बोटाने दाबतो. अण्णांना ते शक्य नव्हते. त्यांच्याकरिता ते काम चकरीतल्या त्या जिभेलाच करावे लागणार होते. म्हणून मी स्प्रिंग बदलली, दोरा ओढून ओढून ताण ठरवला, आणि तंगूस त्या ताणापेक्षा कितीतरी जाड निवडले.

इस्लामपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात एक साहेब होते. मुंबईहून आणलेली काचतंतूंची नवी काठी घेऊन ते आमच्या डोहावर येत. मला बघितले की त्यांना राहवत नसे.

"काय कोयनावाले, अजून बांबूच?"

"बांबू वाकतो आणि परत उभा राहतो, साहेब. तुमची काठी नुसतीच वाकते."

"वजन बघा तरी हिचं! करंगळीवर तोलते."

"मासा करंगळीनं काढायचा असंल तर चांगलीच हाय," अण्णा मागून म्हणाले. मी वळून बघितले. चेहरा तसाच होता, पण बोलले ते अण्णाच होते.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी कामाची सगळी हत्यारे पाटावर मांडून पुजतात. विळे, कोयते, खुरपी, नांगराचा फाळ, माझे पेचकस. घरात फौजी असूनही शस्त्र नव्हते; बंदूक सरकारची, ती सरकारजवळ राहिली. वहिनींनी पाट मांडला, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि खुंटीवरची काठी स्वतः काढून आणली. चकरी तिच्या शेजारी ठेवली. हळद लावली, कुंकू लावले, आणि मूठभर अक्षता, कुंकवात ओले केलेले ते तांदूळ, सगळ्या पाटावर विखुरण्याऐवजी एकट्या चकरीवर ओतल्या.

"ह्येच आता ह्यांचं हत्यार, भावजी," त्या मला म्हणाल्या.

अण्णा उंबऱ्यात उभे होते. ते हसले. त्या वर्षात मी पाहिलेले ते एकच हसू.

दसरा झाल्यावर मी चकरी पुसली. कुंकवाचा डाग पितळेवरून निघत नाही, म्हणून लिंबू चोळले. दोरा हाताने ओढून बघितला. जीभ बरोबर करकरली. चकरीचे पोट मी उघडले नाही. दर वेळी पेच काढले की त्यांचे आटे झिजतात, आणि ज्याला यंत्रे कळतात तो चालते यंत्र उघडत नाही. हे मी तेव्हाही म्हणालो असतो आणि आजही म्हणतो.

कोजागिरीच्या आधी, सकाळी, आम्ही डोहावर गेलो. पाणी निवळले होते. साहेब पलीकडे त्यांची काठी टाकून बसले होते. अण्णांनी कणकेचा गोळा गळाला स्वतः लावला. गळ दातांत धरून एका हाताने गोळा दाबला. फेकले. बसलो.

ऊन अंगावर आले तेव्हा महाशीर लागला. तो मोठा होता एवढेच मी सांगेन. किती मोठा ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि दर वर्षी तो त्यांच्या तोंडात वाढतो. दोरा सरसरत गेला, चकरी करकरत राहिली, आणि अण्णा उभे राहिले. काठी कोपरात घट्ट होती. पाय नीट रोवलेले. उजवा हात मुठीजवळ, पण मूठ न धरता, जसे शिकवले होते तसे. मासा खडकाकडे वळला आणि जोरात पळाला.

तेव्हा चकरीचा आवाज थांबला.

अण्णांनी मूठ धरली नव्हती. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. चकरी आपोआप थांबली, काठी पाण्यापर्यंत वाकली, तंगूस वाऱ्यात तारेसारखे वाजले आणि तुटले. काठी परत उभी राहिली. पाण्यावर काही राहिले नाही.

साहेब पलीकडून ओरडले, "जुनं तंगूस! मी म्हणत होतो!" ते काहीच म्हणत नव्हते. मग जवळ येऊन त्यांनी अण्णांच्या बाहीकडे बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "असू द्या हो. एका हातानं एवढं धरलंत, तेच पुष्कळ."

अण्णा आपला उजवा तळहात बघत होते. तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "चल."

मी तुटलेले टोक खिशात घातले. गाव ज्याविषयी बोलते ते टोक माझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाही. ते ताणून ताणून बारीक झाले होते आणि वळले होते. खडकाने कापलेले टोक चिंधीसारखे असते, उन्हाने मेलेले टोक काडीसारखे मोडते. हे चांगले तंगूस होते, आणि चकरीने दोरा सोडला नाही म्हणून तुटले होते.

दिवस कलताना मी ओट्यावर बसून चकरी उघडली. जीभ आणि तिची स्प्रिंग यांच्यामध्ये तांदळाचा एक दाणा होता. पाणी पिऊन फुगलेला, लाल. पूजेच्या वेळी चकरीच्या फटीतून आत गेलेला तो, हळू ओढताना बाजूच्या खळग्यात पडून राहिला असणार. चकरी वेगात फिरली तेव्हा उडून जिभेखाली गेला आणि जीभ जागच्या जागी घट्ट झाली.

मी तो नखाने काढला आणि अण्णांच्या तळहातावर ठेवला. आत वहिनी भाकरी थापत होत्या; थापण्याचा आवाज बाहेर येत होता.

"बघा," मी म्हणालो. "तुमचा हात न्हाई आणि माझं तंगूस न्हाई. ह्यो दाणा."

अण्णांनी दाणा बराच वेळ बघितला. मग आतल्या आवाजाकडे कान दिला.

"तिला बोललास का?"

"अजून न्हाई. आता सांगतो."

त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि दाणा खाल्ला. चावला आणि गिळला.

"आवं अण्णा!"

"कुणी इचारलं तर तंगूस कुजलं व्हतं म्हणायचं."

"माझं तंगूस चांगलं होतं, अण्णा."

"ठावं हाय मला."

"मग? लोक मला नावं ठेवतील. तुमच्या हाताला नावं ठेवतील."

"ठेवू देत की. तिनं लय मनानं केलं व्हतं गड्या." आणि ते पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

मी वाद घातला नाही असे नाही. घातला, हळू आवाजात घातला, आतली थापणी थांबेपर्यंत घातला. शेवटी मी त्यांना शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला गोठ्याकडे घेऊन गेल्या. "भावजी, त्यांच्या हाताला आता सोसवत न्हाई. कालपासनं हातच बघत बसल्यात. ती काठी नका काढू पुन्हा." त्यांनी काठी तिच्या पिशवीत घालून माळ्यावर, आढ्याच्या पलीकडे सरकवली. अण्णा ओट्यावर होते. त्यांना ते दिसत होते. ते बघत राहिले, जसे वैरणीकडे बघत तसेच. त्यानंतर त्यांनी मासा धरला नाही. धरायचे आहे असे म्हणालेही नाहीत.

चकरी मात्र दर खंडेनवमीला पाटावर येई. दर वर्षी वहिनी तिच्यावर मूठभर अक्षता वाहत, आणि दर वर्षी मी रजा घेऊन गावी येई, दसऱ्यानंतर ती उघडून दाणे काढी आणि तेल देई. कोणी विचारले की जी चकरी वापरायची नाही तिला तेल कशाला, तर मी पेच आवळू लागे.

वहिनी गेल्या. मग गेल्या वर्षी अण्णाही गेले. मी दिलेला शब्द त्या दोघांपुरता होता. म्हणून पंगतीत बसणाऱ्यांनी आता ऐकावे: तंगूस कुजले नव्हते आणि हात थकला नव्हता.

काल खंडेनवमी झाली. पुतण्याच्या बायकोने पाट मांडला, चकरीला हळद-कुंकू लावले आणि अक्षतांची मूठ भरली. मी पुढे होऊन चकरीवर हात ठेवला.

"काय झालं काका?"

"हिला फूल वाहा."

"सासूबाई अक्षताच वाहायच्या की."

"व्हय," मी म्हणालो, पण हात काढला नाही. ती थोडी थांबली, आणि मग तिने अक्षता वाहिल्या. त्या माझ्या हातावर पडल्या.