एकमताने मंजूर, अध्यक्षांकडून नामंजूर

शैलजाचा ठराव तोक्योतल्या आमच्या मराठी मंडळाने चार वेळा एकमताने मंजूर केला आणि चारही वेळा अध्यक्षांनी तो नामंजूर केला. मी मंडळाचा चिटणीस. म्हणजे चार वेळा तोच मजकूर मी इतिवृत्तात उतरवला, चार वेळा अध्यक्षांकडे पाठवला आणि चार वेळा परत आलेला कागद फाइलला लावला. तोक्योत रविवारची दुपार मिळते किती, आणि ती अशी पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात घालवायची. माझा वैताग होत असे तो याचा. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

शैलजा मूळची कराडची. पीएचडीसाठी इथे आली आणि नंतर कावासाकीच्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून राहिली. बॅटरीत वापरायच्या कसल्याशा पदार्थांवर तिचं काम. दरवर्षी मार्च आला की करार वाढणार का, ही धाकधूक. राहायची मात्र तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाईच्या भारतीय वस्तीत, एका खोलीत. भाडं कमी म्हणून नव्हे, आपली माणसं जवळ म्हणून, असं ती म्हणायची. हे वाक्य आता आठवलं की मला लाज वाटते.

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी ती प्रयोगशाळेत होती. गाड्या बंद पडल्या, तेव्हा बाकीच्या लाखो लोकांसारखी तीही चालत निघाली. कावासाकीहून निशिकासाईपर्यंत सात तास. पायात ऑफिसचे बूट. कराडला फोन लागेना. आईवडील टीव्हीसमोर बसून रडत होते, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

"वाटेत आपल्या मंडळाची कमीत कमी तीस घरं होती, नरेंद्रदादा," ती मला एकदा म्हणाली. "त्या सगळ्यांबरोबर मी गणपतीत पंक्तीला बसले होते. पत्ता मात्र एकाचाही माहीत नव्हता. तहान लागली होती, बाथरूमला जायचं होतं, आणि मी आपली बिल्डिंगांकडे बघत चालले होते, की यातली आपली कुठली."

त्यातून तिचा ठराव निघाला. अगदी साधा. मंडळात जे एकटे राहतात, विद्यार्थी, पोस्टडॉक, नोकरीला आलेली पोरंपोरी, त्यातल्या प्रत्येकाला एक घर नेमून द्यायचं. भूकंप झाला, गाड्या बंद पडल्या, की त्याने त्या घरी जायचं. घरच्यांनी त्याला आत घ्यायचं आणि त्याच्या आईवडिलांना कळवायचं. एवढंच.

आता आमच्या अध्यक्षांचा नकाराधिकार. मंडळ स्थापन झालं तेव्हा घटना लिहिली ती भानुदासरावांनी. मूळचे वकील, अमेरिकेच्या राज्यघटनेचे भक्त. पण नुसती हौस हे कारण नव्हतं. जपानात कुठलाही अर्ज भरा, त्यावर एक चौकोन असतोच, सेकिनिन्शा, म्हणजे जबाबदार माणूस. हॉल भाड्याने घ्या, मैदानात क्रिकेट खेळा, सभागृहाची तातामी चटई फाटू द्या, जाब विचारतात त्या एका माणसाला. मंडळाच्या वतीने त्या चौकोनात नाव अध्यक्षांचं. मग ज्याचं नाव चौकोनात, शेवटचा शब्द त्याचा, असं भानुदासरावांनी लिहून ठेवलं. अध्यक्षांनी नाकारलेला ठराव पुन्हा उभा करायचा तर सर्व सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांची गरज. एवढे सभासद आमच्याकडे फक्त श्रीखंडाला जमतात.

अध्यक्ष होते चंद्रशेखर. एका बँकेच्या तोक्यो शाखेत मोठ्या हुद्द्यावर. कमी बोलणारा, घड्याळाकडे बघणारा माणूस. ठरावाच्या खाली ते दरवर्षी एकच ओळ लिहीत, 'जबाबदारी निश्चित नाही, नामंजूर', आणि बाजूला आपला लाल शिक्का उठवत. इथे सहीऐवजी शिक्का चालतो. त्यांचा शिक्का कधी तिरका उठला नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे फार चिडलो. निदान तसं बोललो. माणूस आहे का दगड, असं आमचा शिरीष म्हणाला. शिरीष कावासाकीत आयटीत, कार्यकारिणीतला सगळ्यात बोलका. शैलजाला त्याने सांगितलं, "यू जस्ट ब्रिंग इट अगेन. आम्ही आहोत ना तुझ्या मागे." तिने आणला. आम्ही हात वर केले. शिक्का. पुन्हा आणला. पुन्हा हात, पुन्हा शिक्का.

चौथ्या वर्षी मी वैतागून शिरीषला विचारलं, की होणार नाही हे माहीत असताना कशाला हा तमाशा? त्याने मला अमेरिकेचं राजकारण समजावलं. तिथे लोकप्रतिनिधी मुद्दाम असली विधेयकं मंजूर करतात, अध्यक्ष ती अडवणार हे ठाऊक असताना. मतदारांना दाखवायला, की बघा, आम्ही तुमच्या बाजूचे. अध्यक्षाला अडचणीत आणायला, की आता लिहून दे नाही म्हणून. पुढच्या निवडणुकीत वापरायला. "इट्स अबाउट गोइंग ऑन रेकॉर्ड," तो म्हणाला. मला ते पटलं. रेकॉर्ड लिहिणारा मीच, त्यामुळे जरा महत्त्वही वाटलं. त्या यादीत एक कारण त्याने सांगितलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

शैलजाला मात्र रेकॉर्ड नको होतं. तिला घरं हवी होती. दर वर्षी ती मधल्या काळात एकट्या पोरांची यादी नवी करायची. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कॉलेज कुठे, चालत कुठलं घर जवळ पडेल. २०१६ सालच्या यादीत अकरा नावं होती. सगळ्यात लहान अक्षया, सांगलीची, तेवीस वर्षांची, एम.एस.साठी आलेली. तिची आई शैलजाला आठवड्याला फोन करायची, कारण लेकीला फोन केला तर लेक चिडायची.

त्या वर्षी पाचव्यांदा ठराव आला. आम्ही सवयीने हात वर केले. शिरीषने तर दोन मिनिटं भाषण केलं, एकट्या पोरांना वाऱ्यावर सोडणारा समाज कसला समाज, वगैरे. शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिलं, 'एकमताने मंजूर'. कागद चंद्रशेखरांसमोर सरकवला. त्यांनी चष्मा लावला, सगळा मजकूर वाचला, खिशातून शिक्का काढला आणि ओळ न लिहिता मंजुरीच्या जागी उठवला.

शैलजाला आधी कळलंच नाही. मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"मी पुढच्या महिन्यात नागोयाला बदलून चाललो," चंद्रशेखर म्हणाले. "जाताना तुमच्या आड यायचं नाही."

शैलजाने लगेच पिशवीतून वही काढली. डाव्या बाजूला अकरा नावं लिहिलेली होती, उजवी बाजू कोरी. वही तिने शिरीषकडे दिली. शिरीषने ती जरा वेळ हातात धरली. मग म्हणाला, की त्याचं घर कंपनीचं आहे, बाहेरचं माणूस ठेवायचं तर कळवावं लागतं, लेखी परवानगी लागते, तो विचारून बघेल. त्याच्या शेजारच्यांकडे सासूबाई येणार होत्या. त्याच्या पुढच्यांचं घर दहाव्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडली तर? एकजण म्हणाला, मुलगी असेल तर जरा ऑकवर्ड होतं. दुसरा म्हणाला, मुलगा असेल तर. वही फिरत फिरत माझ्याकडे आली.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

वही कोरीच शैलजाकडे परत गेली. तिने ती दोनदा उलटून पाहिली, जणू कोणी चुकून मागच्या पानावर लिहिलं असेल. मग ती चंद्रशेखरांकडे वळली.

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर चार वर्षं अडवलं. एखादी मुलगी चार तास चालत येणार, बेल वाजवणार, आणि आतून विचारणार, कोण पाहिजे? त्यापेक्षा घर नाही हे तिला आधीपासून ठाऊक असलेलं बरं. मी नाही म्हणत होतो, तोपर्यंत यांचे हात वर जात होते. आज बघायचं होतं."

"मग मला पहिल्या वर्षीच सांगायचं होतंत. चार वर्षं मी तुम्हाला शिव्या घातल्या."

"सांगून तुम्हाला खरं वाटलं असतं?"

माझ्या मते, तिला वाटलं नसतं. आम्ही इतके गोड बोलत होतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून आम्ही चार वर्षं चांगुलपणाचे बार काढले, आणि खांदा बाजूला झाल्यावर एकाच्याही हातात बळ नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. चंद्रशेखरांचाही मला राग आलाच. आम्हाला उघडं पाडायला त्यांनी तिची आशा वापरली, ते मला अजून पटलेलं नाही. पण तो राग धरायला माझी बाजू कोरी हवी होती, आणि वहीच काय ती कोरी होती.

घरी आल्यावर मी बायकोला, कश्मिराला, सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पाच वर्षं तू हा ठराव लिहितोयस?" तिने विचारलं.

"हो."

"आणि त्यात आपलं घर होतं?"

"सगळ्यांचीच होती."

"मला कधी विचारलंस?"

मी खरं तेच सांगितलं. विचारायची वेळ येणारच नव्हती. चंद्रशेखर होते ना. कश्मिराने घडी तशीच ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यापेक्षा ती ओरडली असती तर चाललं असतं. "मी नाही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पण तू माझ्या घराचं दार पाच वेळा उघडून दिलंस, ते कोणी येणार नाही म्हणून. हे आधी नीट ऐकून घे." मी ऐकून घेतलं. पण हो का नाही, ते त्या दिवशी तसंच राहिलं.

दोन दिवसांनी शैलजाची मेल आली, मंडळाच्या सगळ्यांना. ठराव मंजूर झाल्याचं कळवलं होतं, सगळ्यांचे आभार मानले होते, आणि खाली यादी होती. अकरा नावं आणि प्रत्येक नावापुढे एकच पत्ता. तिचा स्वतःचा. सहा तातामी चटया मावतील एवढी ती खोली, त्यात तिचा पलंग आणि पुस्तकं. आणि ती स्वतः दिवसभर कावासाकीत. किल्ली कुठे ठेवलेली असेल तेही तिने लिहिलं होतं. खाली शिरीषचं उत्तर होतं, 'ग्रेट इनिशिएटिव्ह'. मला मोबाईल फेकून द्यावासा वाटला.

शनिवारी सकाळी अक्षयाचा फोन आला. तिने मला आधी कधी फोन केला नव्हता.

"काका, थँक यू म्हणायला केला. ठराव पास झाला हे आईला सांगितलं. ती इतकी खूश झाली. म्हणाली, आता तुझ्या कॉलेजजवळ आपलं एक घर आहे."

मी हं हं करत राहिलो.

"फक्त एक विचारायचं होतं. शैलजाताईंचं घर मला चालत दोन तास आहे. मॅपवर बघितलं, तुमचं वीस मिनिटं येतंय. तर मी ताईंकडे जायचं की..." ती थांबली. "म्हणजे, तुम्ही पण हो म्हणालात ना?"

कश्मिरा समोर चहा घेत बसली होती. फोन स्पीकरवर नव्हता, पण शांत घरात तो आवाज पोचत होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती कप खाली ठेवून म्हणाली, "पत्ता सांग तिला. आणि म्हणावं, उद्या जेवायला ये, म्हणजे रस्ता पायाखालचा होईल."

मी पत्ता सांगितला. चोमे आणि बांची, म्हणजे वस्तीचे आणि प्लॉटचे आकडे, इमारतीचं नाव, खोलीचा नंबर. अक्षयाने तो पुन्हा म्हणून दाखवला. सांगताना लक्षात आलं, की नऊ वर्षांत मंडळातल्या एकाही माणसाला मी तो सबंध दिला नव्हता.

मग शैलजाला कळवलं आणि यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली. दहा ओळी राहिल्या. त्या सगळ्या अजूनही त्या एका खोलीकडे जाणाऱ्या. चिटणीस या नात्याने एकेकाला फोन करायचं ठरवलं आणि सुरुवात शिरीषपासून केली. परवानगीचं विचारलंस का, तर म्हणाला, अजून नाही, सध्या प्रोजेक्टची गडबड आहे. मी जरा जोर लावला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का नरेंद्र, चूक चंद्रशेखरांची आहे. त्यांनी शिक्का मारायलाच नको होता."

मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. त्या रविवारी शिक्का उठला, तेव्हा माझ्याही मनात पहिलं हेच आलं होतं.