काळुरामची विलायती आणि दिपेशचा नवा सेट

डोंबिवलीजवळच्या नांदिवलीत काळुराम गायकरला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागेल, आणि तो सापडलाच तर समजावं की तो गेल्याच महिन्यात टॉवरमध्ये राहायला आलाय. काळुरामचे वडील मिठागरात राबले. घरच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर काळुरामला राबायची गरज उरली नाही, पण हात स्वस्थ बसेनात. ते विसाव्या वर्षापासून ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होते आणि साठी उलटली तरी थांबायचं नाव घेत नव्हते. हातांइतकीच डोक्याला खोड्यांची सवय. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबलं, की काळुराम नेमका त्यांच्या श्वास घेण्याच्या जागी स्नेअर या छोट्या, कडक आवाजाच्या ड्रमवर असा कडाका काढायचा, की लोक टाळ्या वाजवायचे आणि पाहुणे भाषण संपलं समजून खाली बसायचे.

त्याचा ड्रमसेट विलायतेत बनलेला, साठेक वर्षांपूर्वीचा. मुंबईच्या एका हॉटेलात वाजवणारा म्हातारा वादक निवृत्त झाला, तेव्हा त्याच्याकडून काळुरामनं तो आणला होता. घरात त्याला सगळे ‘विलायती’च म्हणत. तिच्या ड्रमचं लाकूड इतकं पातळ, की टिचकी मारली तरी अंग घुमायचं. पातळ लाकूड वाकू नये म्हणून आत वरखाली लाकडाचीच कडी बसवलेली. थाप पडते ते ताणलेलं पान जिथे टेकतं ती कड गोलसर घासलेली, त्यामुळे आवाज कसा गोल, उबदार निघे आणि ‘धुम’ म्हणून लगेच मिटे. काळुरामची बायको गोदा म्हणायची, “हिला पुसतंय तेवरा मना कधी विचारलं नाय.”

काळुरामचा पुतण्या दिपेश ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचा. नवरात्रात त्याच्या वादकांच्या पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसे. त्यानं नवाकोरा सेट घेतला होता. जाड, सात थरांचं दाबून केलेलं लाकूड, सुरीसारखी धारदार कड, दुहेरी पायांचे स्टँड. वरचे छोटे टॉम ड्रम बाहेरून टांगलेले, म्हणजे लाकडाला भोक नाही आणि आवाज अडत नाही. एक थाप दिली की सूर लांबवर जायचा, अगदी मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत. मात्र नुसते स्टँड उचलायलाच दोन माणसं लागायची.

काळुरामची मुलगी कल्पिता हिचं लग्न खडवलीच्या नयनशी ठरलं आणि हळदीला ड्रम कुठला वाजणार यावरून काका-पुतण्याची जुंपली.

“काका, तुमचा सेट म्युझियममध्ये द्या,” दिपेश म्हणाला. “हजार माणूस येणार. तुमचा आवाज मांडवाच्या खांबापर्यंत पण पोचणार नाय.”

“आनि तुजा आवाज कसा हाय ठाव हाय? पिंपात भांडी पडल्यावानी!”

“भांडी तर भांडी, ऐकू तर येतात ना!”

शेवटी गोदानं निकाल लावला. हळदीच्या दिवशी दुपारी घराच्या हॉलमध्ये दोन्ही सेट पडद्यामागे मांडायचे. कल्पिता वाजवणार, तिला बापानंच शिकवलं होतं. काका-पुतण्यांनी पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि दोन्ही ऐकून कोणता भारी ते सांगायचं. सोबत काळुरामचा जुना मित्र त्र्यंबक, जो ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचा.

“आनि वाजवून होईस्तोवर पडद्यामागं कुनी जायाचं नाय,” गोदानं दोघांनाही दम भरला.

दोघांनी माना डोलावल्या. इतक्या शहाण्यासारख्या, की गोदाला तिथेच शंका आली.

हळदीच्या सकाळी, सेट मांडून झाल्यावर, दिपेश पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला. काळुरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीतून आत शिरून पडदा गाठला. त्यानं दिपेशच्या नव्या ड्रमची पानं सैल केली, वर चिकटपट्ट्या मारल्या आणि पायानं वाजवायच्या मोठ्या बास ड्रमच्या पोटात पंचा कोंबला. आता वाजव, म्हणाला मनात. ओल्या पोत्यावर काठी आपटल्यासारखं वाजायला हवं. मग खिडकीतून बाहेर पडून, हात झटकत, तो बायकांबरोबर हळदीच्या मांडवासाठी उंबराची फांदी आणायला निघाला. वाटेत तो इतका खूश होता, की गाणाऱ्या बायकांनी त्याला दोनदा गप्प केलं.

दुपारी जेवणाआधी सगळे हॉलमध्ये जमले. काळुराम आणि दिपेश शेजारी शेजारी, पडद्याकडे पाठ करून. दोघांच्याही चेहऱ्यावर देवळातल्यासारखी शांती.

कल्पितानं पहिला सेट वाजवला. आवाज कडक आणि उंच, भिंतींवरून परत येणारा. काळुराम मनात म्हणाला, इतकं करूनही याचा सेट दबला नाही? काय लोखंडी बनवतात हल्ली! पण चेहऱ्यावर काही न दाखवता त्यानं कानावर हात ठेवला. “ऐकलंस कं, त्र्यंबक? पिंप आनि भांडी.”

दिपेशही मान हलवत हसत होता. “हाच! हाच माझा. काय कडक, बघा!”

मग दुसरा सेट. गोल, जाडसर, थाप पडली की लगेच मिटणारा आवाज. काळुरामनं डोळे मिटले. त्याला हॉटेलच्या त्या म्हाताऱ्या वादकाची आठवण झाली आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं.

“या आवाजासाठी लाकूड मुरावं लागतं, दिपेश,” तो म्हणाला. “साठ वर्सं मुरावं लागतं. कारखान्यात नाय बनत असा आवाज. मेल्यावर माज्या चितेवर…”

“वाईट बोलू नको,” गोदा म्हणाली आणि तिनं पडदा ओढला.

कल्पिता दिपेशच्या नव्या सेटवर बसली होती. ती काठ्या तोंडावर धरून हसू दाबत होती.

मग त्र्यंबक खुर्चीवरून खाली बसला आणि गुडघ्यावर थाप मारत हसू लागला.

“मग पयला…” काळुराम म्हणाला.

“पहिली तुमची विलायती,” कल्पिता म्हणाली. “तिची पानं एवढी ताणलीयेत, की मला वाटलं आता फाटतात. आणि आवाज मिटावा म्हणून तुम्ही बास ड्रममध्ये ठेवता ती गोधडी कोणीतरी काढून कपाटामागे लपवलीये.”

दिपेश छताकडे बघत होता.

“आणि याच्या पोटात,” गोदानं नव्या ड्रममध्ये हात घातला आणि पंचा ओढून काढला, “हा माज्या जावयाचा, रुखवतातला! कल्पिताचे बाबा, तुमाला काय लाज?”

“मना येरा समजतंस कं? मी काय केलं?” काळुराम म्हणाला, पण खिशातून पानं सैल करायची किल्ली खणकन खाली पडली. दिपेश ती उचलायला वाकला, आणि त्याच्याही खिशातून तसलीच किल्ली पडली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काळुरामनं पुतण्याला मिठी मारली ती एवढ्या जोरात, की दिपेशला वाटलं आता मार पडणार. “तू माजाच पुतन्या हायस रं,” तो म्हणाला. “स्टेशनवर कवा गेलास आनि इकरं कवा आलास?”

“तुम्ही उंबराला गेलेलात तेव्हा.”

“आनि तू स्टेशनला गेलेलास तवा मी!”

कल्पितानं दोन्ही सेट नीट लावून पुन्हा वाजवले. आता फरक ऐकू आला, पण भांडण होण्याइतका नव्हता. विलायती जवळ बसून गप्पा मारल्यासारखी बोलायची. दिपेशचा सेट लांबून हाक मारल्यासारखा. त्र्यंबकनं डोळे पुसत विचारलं, की हळदीत गप्पा मारायच्यात की हाक मारायची. यावर काळुरामनं आधी विलायतीकडे, मग नव्या सेटकडे बघितलं आणि म्हणाला, “दोनी.”

संध्याकाळी मांडवात दोन्ही सेट लागले. दिपेशच्या थापांवर हजार माणूस नाचलं. मग बायकांनी जुनी हळदीची गाणी धरली, तेव्हा दिपेशनं काठ्या खाली ठेवल्या आणि काकाला खूण केली. काळुराम खुलला. अतिच खुलला. विलायतीचे पाय काडीसारखे बारीक, त्यामुळे प्रत्येक लाथेला बास ड्रम बोटभर पुढे सरकू लागला आणि काळुराम स्टूल ओढत त्याच्या मागे. गाणं संपेपर्यंत दोघं स्टेजच्या कडेला पोचले होते. शेवटी दिपेशनं पुढे जाऊन आपल्या पाठीनं ड्रम अडवला आणि तसाच पाठ लावून, हळदीनं माखलेला, गाणी संपेपर्यंत बसून राहिला.

लग्न लागलं. कल्पिता खडवलीला गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं आणि गोदा उगाच कुठलीही खोली झाडत बसे. काळुरामला करमेना. एका सकाळी त्यानं विलायती पुसायला काढली. स्नेअरची पेटी उघडली तर आत फडक्यात नीट गुंडाळलेला गोदाचा पोळपाट.

तो पोळपाटाकडे बघत राहिला. मग फोन लावला.

“कल्पिता, स्नेअर कुठंय?”

“कुठला स्नेअर, बाबा?” ती निरागसपणे म्हणाली. मागून कोणीतरी हसलं; नयनच असावा.

काळुरामला हसू फुटलं, पण त्यानं आवाज कडक ठेवला. “सासऱ्यासमोर वाजवतंस कं?”

“त्यांनीच सांगितलं वाजव म्हणून. काल शेजारचेपण आलेले ऐकायला.”

गोदा झाडू हातात घेऊन दारात उभी होती.

“बरं, ऐक,” काळुराम म्हणाला. “त्याच्या खालच्या तारा लय कसू नको. जुनं हाय, श्वास घेऊ दे त्याला. आनि फोन तसाच ठेव बाजूला.”

“कशाला?”

“वाजव. मी ऐकतंय.”