दुपारचा भोंगा

अंबाडीच्या भाजीचा वास आला की मला आमच्या मरोदा गावातला तो गणपतीचा मांडव आठवतो. भरदुपारी मी पहिल्यांदाच लोकांना हसवायला उभा राहिलो होतो आणि कोणी हसेना! समोर सतरंजीवर गावाशेजारच्या प्लांटचे कामगार होते, दोनची शिफ्ट असलेले तर डबे मांडीशी घेऊनच बसलेले. पहिल्या रांगेत बाबा, आणि त्यांच्या डब्यात हीच भाजी. मी पुढाऱ्याची नक्कल केली, मास्तरांची केली, सगळे थंड. शेवटी काहीच सुचेना, तेव्हा दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोटातून प्लांटचा भोंगा काढला, हळूहळू वर चढत जाणारा. काय सांगू! अख्खी पहिली रांग ताडकन उभी राहिली. कोणी डबा उचलला, कोणी चपला शोधू लागला, बाबा तर डबा घेऊन थेट सायकलीचं कुलूप काढायला धावले. मागून आई ओरडली, "अवो, कुठं चालले? पोरगं आवाज काढून राहिलं ना!" क्षणभर सगळे थबकले आणि मग मांडव असा हसला की वरचं कापड हललं. बाबा सायकलीला धरून हसत होते, "माह्याच पोरानं मले ड्युटीवर धाडलं ना बाप्पा!" स्टेजवरून मी पुढे मालिकांत आलो, आता विनोदी मालिका दिग्दर्शितही करतो. तिथलं हसू नंतर यंत्रातून भरतात. पण प्रसंग जमला की नाही, हे मी अजून एवढ्यावरच ठरवतो: बाबा डबा घेऊन उठले असते का?