दोन माणसं दिसली पाहिजेत, बस्स!

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दोन ठिकाणी माल साठत जातो. एक सर्व्हरवर. तो भरला की जुनं पुसायचं आणि पुढं चालायचं. दुसरा चहाच्या वेळी. याला जागा लागत नाही आणि तो पुसताही येत नाही. आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसातल्या या दुसऱ्या साठ्यातले चार-पाच नग परवा जेवताना निघाले. म्हटलं, विसरायच्या आत सांगून टाकावेत.

ऑफिस म्हणजे बेकरीच्या वरची एक खोली. माणसं चार. मालक मेनन सर. मी सांगलीचा. बसू निपाणीचा, भांडताना कन्नड, जेवताना मराठी. आणि सिंधू अक्का, चामराजपेटच्या. त्यांचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे, की 'मूळच्या कुठल्या?' विचारलं तर त्या बसस्टॉपचं नाव सांगतात.

आमच्याकडे काम आलं ते शमा मॅडमचं. मॅडम स्पीच थेरपिस्ट. पक्षाघाताच्या झटक्यानं ज्यांची वाचा जाते, त्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. पेशंटला महादेवपुऱ्याहून ट्रॅफिकमधून आणायचं म्हणजे येईपर्यंत तो दमून जाणार, म्हणून त्यांना घरबसल्या व्हिडिओवर सेशन हवी होती, आणि प्रगती बघायला रेकॉर्डिंग.

मेनन सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. मधे एक रेघ ओढली.

"सिंपल सर्व्हर आहे," ते म्हणाले. "दोन माणसं एकमेकांना दिसली पाहिजेत, बोलली पाहिजेत, आणि रेकॉर्डिंग राहिलं पाहिजे. बस्स!"

सिंधू अक्का फळ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, माझ्या लग्नातही एवढंच ठरलं होतं. रेकॉर्डिंग तेवढं माझ्याकडे आहे!"

*

पहिली टेस्ट आम्ही एकाच खोलीत दोन लॅपटॉप ठेवून घेतली. बसू एकापुढे, मी दुसऱ्यापुढे. बसू म्हणाला, "हॅलो." ते हॅलो माझ्या स्पीकरमधून निघून त्याच्या माईकमध्ये शिरलं, तिथून परत माझ्याकडे आलं, आणि दर फेरीला मोठं होत गेलं. शेवटी एखादं जनावर अडकल्यासारखा आवाज यायला लागला.

खालचे बेकरीवाले अण्णा हातातला ट्रे तसाच घेऊन वर धावत आले. दारात थांबले. चारही माणसं धडधाकट उभी!

"कोण ओरडलं?" त्यांनी विचारलं.

"सर्व्हर," बसू म्हणाला.

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली, ट्रेमधला एक बन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सरी, बरं. त्याला द्या."

*

ऑफिसात सगळं छान चालायचं. बाहेरून कुणी फोन लावला की मात्र स्क्रीन काळा! दोन दिवस मी आणि बसू डोकं धरून बसलो. कारण साधं होतं. प्रत्येक घरातलं मशीन समोरच्याला आपला घरातला पत्ता सांगत होतं, आणि त्या पत्त्याला उंबऱ्याबाहेर काही अर्थ नसतो.

मेनन सरांना हे इंग्रजीतून समजावून बघितलं, हिंदीतून बघितलं. शेवटी सिंधू अक्का उठल्या.

"सर, कुरियरवाल्याला 'मधली खोली, खिडकीजवळ' असा पत्ता दिला तर तो येईल?"

"नाही."

"मग गेटवर कुणीतरी बसवायला पाहिजे. तो इकडचं घेईल, तिकडं देईल."

तसा एक निरोप्या सर्व्हर बसवला आणि चित्रं दिसायला लागली. मेनन सर खूश! पुढच्याच मीटिंगमध्ये त्यांनी ही उपमा स्वतःची म्हणून एका कस्टमरला सांगितली. अक्का शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वा सर, काय समजावलंत!"

*

मग रेकॉर्डिंग. चित्र वेगळं साठायचं, आवाज वेगळा, आणि नंतर दोन्ही जोडायचे. पहिल्या जोडणीत पेशंटचा आवाज पुढं गेला आणि बाकी सगळं मागं पडलं. हे आम्हाला कळलं ते थेट शमा मॅडमना दाखवताना!

स्क्रीनवर एक आजोबा ठणठणीत आवाजात म्हणाले, "मांजर." थोड्या वेळानं मॅडमनी मांजराचं चित्र वर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

आजोबा पुढं म्हणाले, "छत्री." मॅडमनी छत्री काढली.

मी खाली बघत होतो. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "प्रगती चांगली आहे. पण आता यांनी मला शिकवावं!"

*

टेस्टिंगसाठी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा बसूनं निपाणीला आपल्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, कॉल लावला. मावशी मांडी घालून मोबाईलपुढे बसल्या आणि जाऊबाईंवर सुरू झाल्या. जाऊबाईंचा स्वभाव, जाऊबाईंचं माहेर, जाऊबाईंची आमटी! आम्हाला आवाज तपासायचा होता. तो उत्तम येत होता.

मधेच त्या थांबल्या. "बसू, ते कोपऱ्यात लाल काय लुकलुकतंय?"

"रेकॉर्डिंग चाललंय, आई."

मावशी उठल्या आणि फ्रेमबाहेर गेल्या. बराच वेळ नुसती भिंत. परत आल्या त्या नवी साडी नेसून, केसात गजरा माळून. ताठ बसल्या आणि वाचून दाखवल्यासारखं म्हणाल्या, "नमस्कार. आमच्या घरी सगळे सुखी आहेत. माझ्या जाऊबाई फार प्रेमळ आहेत. आता पहिलं खोडा."

*

सगळ्यात शेवटी आमच्या अप्पांचा किस्सा. 'आमच्या' म्हणजे शमा मॅडमचे पेशंट. पण आम्हीही त्यांना अप्पाच म्हणायला लागलो होतो.

अप्पा निवृत्त शिक्षक. झटक्यानंतर सगळं कळायचं, तोंडातून शब्द निघायचा नाही. सेशनला शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, बसायच्या. मॅडमनी प्रश्न विचारला, की अप्पांचे ओठ हलायला लागायचे आणि काकू उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या.

"काकू, त्यांना स्वल्प वेळ द्या," मॅडम म्हणायच्या.

"देते की! सांगा हो, 'गुरुवार' म्हणा!"

मॅडमनी वैतागून आम्हाला फोन केला. "काकूंना म्यूट करायची सोय आहे का?"

"एकाच माईकवर दोघं आहेत, मॅडम. एकाला कसं म्यूट करणार?" बसू म्हणाला.

पण त्यानं ते मनावर घेतलं. बरीच खटपट करून रेकॉर्डिंगमधून काकूंचा आवाज वेगळा काढला. मूळ फाईल होती तशीच ठेवली. नव्या फाईलमध्ये फक्त मॅडमचे प्रश्न, आणि त्यांच्यामागून अप्पांचा श्वास, घशातली घरघर, कधी अर्धं अक्षर. मॅडमना त्याचा खूप उपयोग झाला. बसूची कॉलर दोन दिवस ताठ होती.

पुढं अप्पांची सेशन अचानक बंद झाली. मॅडमकडून कळलं, काकू गेल्या. झोपेतच गेल्या.

काही आठवड्यांनी अप्पा मुलाबरोबर ऑफिसात आले. जिना चढायला त्यांना वेळ लागला. मुलगा म्हणाला, "घरी सारखी स्क्रीनकडे बोटं करतात. जुनी सेशन बघायची असतील असं वाटतंय."

सिंधू अक्कांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. बसूनं अगत्यानं स्वच्छ केलेली फाईल लावली. स्क्रीनवर अप्पा आणि काकू. काकूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. अप्पांनी मान हलवली. मग जोरात हलवली. मग चांगल्या हातानं टेबलावर थाप मारली.

"मूळची लाव," अक्का हळूच बसूला म्हणाल्या.

बसूनं मूळची फाईल लावली.

मॅडमचा आवाज आला, "अप्पा, आज सकाळी काय खाल्लंत?"

स्क्रीनवरच्या अप्पांचे ओठ हलायला लागले.

"उप्पीट," काकू म्हणाल्या. "सांगा की हो, 'उप्पीट' म्हणा!"

खुर्चीवरचे अप्पा पुढं वाकले. मानेची शीर ताठ झाली.

"इडली," अप्पा म्हणाले.

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. "अप्पा?"

अप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बसूकडे बघून बोट गोल फिरवलं. पुन्हा.

बसूनं मागं नेऊन पुन्हा लावलं.

"उप्पीट," काकू म्हणाल्या.

"इडली!" अप्पा म्हणाले.